मी आठे शेतस

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. पटवून देत बसायला मला वेळ नाही.

पण हे ज्यांच्या बाबतीत घडलं ते वनानाना, माझ्या आईचे सख्खे मामा, थापा मारणाऱ्यांतले नव्हते. मुळात ते बोलायचेच फार कमी. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा भरल्या ताटावरून उठून गेले.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते, मध्यरात्र लागते. तसलं इथं काही नाही. ही सकाळची गोष्ट आहे.

साल १९५४. पौष महिना. पश्चिम खानदेशात, नरडाणा स्टेशनवरून धामणदर गावाकडे जाताना बुटक्या टेकड्यांची एक रांग आडवी लागते. तिथं हे घडलं.

त्या टेकड्यांना गावात 'मुक्या' म्हणतात.

का म्हणतात, ते पुढं येईलच.

वना तेव्हा विशीतला पोरगा. पूर्वेकडे सावद्याला एका केळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता. केळीचे घड आले की वॅगनी भरून घ्यायच्या, हे त्याचं काम. राहायला बेबाबाईंच्या घरी, ओसरीलगतच्या खोलीत. बेबाबाई विधवा, पण बाई खमकी. केळीची बाग स्वतः बघायची. तिचा एकुलता एक मुलगा गिरधर वनाच्याच वयाचा. दोघांचं असं मेतकूट जमलं होतं, की एक दिसला की लोक विचारायचे, "दुसरा कुठाय?"

त्या साली पावसाळ्यात वनाला मुदतीचा ताप आला. पोरगं हातचं जातं की काय, अशी वेळ आली. गिरधर उशाशी बसून राहिला. कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या. बेबाबाईंनी चमच्यानं पेज भरवली. वना उठला तो या मायलेकांच्या जिवावर.

हे धामणदरला वनाच्या आईला, भिकुबाईंना कळलं. मग त्यांचे निरोपावर निरोप. ज्या पोरानं माझा वना वाचवला, त्याला एकदा डोळ्यांनी पाहू दे. त्याला घेऊन ये.

बेबाबाई काही लवकर तयार होईनात. गिरधरनं हट्टच धरला, तेव्हा कुठं हो म्हणाल्या. निघताना त्यांनी लेकाच्या गळ्याला मफलर गुंडाळला आणि वनाला बाजूला घेतलं.

"वना, माह्या घरात एवढं एकच माणूस हाये. जसा नेतो तसा आणून दे."

"माय, काळजीच करू नको. मी त्याला क्षणभर एकटा सोडायचा नाही."

शब्द दिला. देऊन बसला.

रात्रभर गाडीत कुडकुडत दोघं पहाटे नरडाण्याला उतरले. वनाचा काका तोताराम बैलगाडी घेऊन यायचा होता. तो काही दिसेना. स्टेशनबाहेर चहावाला म्हणाला, "तोतारामना बैल लंगडस. काल सांगी गयता तो."

गाडीवाटेनं पायी जायचं तर टेकड्यांना मोठा वळसा. दुपार झाली असती. टेकड्यांवरून गेलं तर न्याहारीला घरी.

"वरून जाऊ," वना म्हणाला.

चहावाल्यानं कपबशी खाली ठेवली. "मुक्यांवरथीन? मग तोंडमा बोर धरज्यात."

गिरधरला काही कळलं नाही. वाटेनं चालताना वनानं हसत हसत सांगितलं. गावातली जुनी रीत होती. मुक्या टेकड्यांवरून जाताना तोंडात बोराची बी धरायची आणि पलीकडे उतरेपर्यंत शब्द काढायचा नाही. म्हातारी माणसंसुद्धा गुपचूप चालायची. का, ते कोणाला विचारलं तर म्हणायचे, आमचे बाप तसे चालायचे म्हणून.

"मग आपण?" गिरधर म्हणाला.

"आपण बोरं खाऊ आन् बिया थुंकू," वना म्हणाला.

शहाणपणा नडतो तो असा.

बांधावरच्या बोरी लगडल्या होत्या. दोघांनी खिसे भरले. फटफटीत उजाडलं होतं. गार वारा होता. गिरधर तर अगदी रंगात आला होता, कारण त्याला एक वाक्य पाठ करायचं होतं.

आता हे नीट ऐका.

पश्चिम खानदेशात आमच्या बोलीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. सावद्याकडे म्हणतात 'हाये'. तिकडचं 'अठी' म्हणजे आमच्याकडचं 'आठे', म्हणजे इथं. गिरधर वर्षभर वनाच्या 'शे'ची टिंगल करत आला होता. पण आता त्याला भिकुबाईंच्या पाया पडून त्यांच्याच बोलीत बोलायचं होतं. गाडीत रात्रभर त्यानं तेच वाक्य घोटलं होतं.

"माय, मी तुन्हा दुसरा पोऱ्या शेतस."

वना पोट धरून हसला. "शेतस नाही रे बाबा, शे! एकाला शे. पुष्कळ जण असले तर शेतस. तू एकटा शेतस कसा होशील? माय म्हणेल, किती जण आले रे घरात?"

"पण मले शेतसच आवडते. शेतस, शेतस, शेतस!"

मुद्दाम म्हणायचा. वनाला चिडवायला.

पहिली टेकडी अशीच हसण्यात चढून झाली. माथा कसला, घराच्या सपाट मातीच्या धाब्याएवढा. पिवळं गवत, काळे दगड, एक सुकलेली सालई. गिरधरनं तोंडाशी हात धरून आरोळी ठोकली.

"ओ वनाऽऽऽ!"

आणि दोघं वाट पाहत राहिले.

पडसाद आलाच नाही.

समोर उघडी टेकडी, खाली दरी. आवाज घुमायला हवा. पण कापसाच्या गंजीत दगड टाकावा तसा तो कुठंतरी जाऊन गप झाला.

"म्हणून मुक्या म्हणतात होय," गिरधर म्हणाला. पण या वेळी जरा हळू.

तेव्हा वनाच्या लक्षात आलं... की पाखरूसुद्धा बोलत नाहीये. खाली बांधावर होले घुमत होते. इथं काही नाही. वारा अंगाला लागत होता, पण गवताची सळसळ ऐकू येत नव्हती.

दोघं उतरले आणि दुसरी टेकडी चढू लागले. शांतता अंगावर यायला लागली म्हणून वना मुद्दाम मोठ्यानं बोलू लागला. "हां, म्हण. माय, मी तुन्हा दुसरा पोऱ्या..."

"शे," गिरधर म्हणाला.

"शाब्बास."

आणि मग खालून, वाटेच्या बाजूनं, कोणीतरी अगदी हळू म्हटलं...

"...शे."

गिरधर थांबला. "तू म्हटलं?"

"नाही."

"मग कोन म्हटलं?"

वनानं खाली पाहिलं. वाट रिकामी होती. "गुराखी असेल," तो म्हणाला. पण त्या टेकड्यांवर गुरं चढत नाहीत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

चालायला लागले.

"...शे... हाये... शे... हाये..."

लहान मूल नवा शब्द जिभेवर घोळवतं ना, तसं. कधी डावीकडून. कधी मागून. त्यात धमकी नव्हती की रडणं नव्हतं. कोणीतरी शिकत होतं.

खिशातलं बोर काढून वनानं तोंडात टाकलं, गिरधरलाही खूण केली. उशीर झाला होता, पण सुचलं ते केलं. गिरधरचा चेहरा पांढरा पडला होता. दोघं मुकाट्यानं भराभर चालू लागले.

तिसऱ्या टेकडीच्या माथ्याशी धुकं आलं.

तापीकडून कधीमधी पहाटे धुकं येतं, नाही असं नाही. पण हे खालून वर चढत आलं. आधी पाय दिसेनात. मग हात. मग पांढऱ्याशिवाय काहीच नाही.

तेवढ्यात गिरधरच्या चपलेचा अंगठा तुटला. तो दगडावर बसला. मफलरची दशी तोडून बांधू लागला.

"बस इथंच. हलू नको," वना म्हणाला. "उताराची वाट कुठाय तेवढं पाहतो."

चारदोन पावलंच गेला तो. पुढं वनानाना मला म्हणाले, "आपल्या अंगणाएवढं अंतर होतं रे. तेवढंच."

वाट सापडली. वना वळला. मागं नुसतं पांढरं.

"गिरधर!"

त्यानं पुन्हा हाक मारली.

"गिरधर, कुठं आहेस?"

मग... पुढून, उताराकडून, आवाज आला. गिरधरचाच.

"अरे, मी अठीच हाये. चाल ना."

वनाच्या जिवात जीव आला. धुक्यात हा आपल्याला ओलांडून पुढं गेला वाटतं. तो दोन पावलं पुढं टाकतो न टाकतो...

तोच मागून आवाज आला. हाही गिरधरचाच. त्यात बारीकसं हसू होतं.

"वना... मी आठे शेतस."

शेतस! आम्ही पुष्कळ आहोत, इथं आहोत. वनाला तेवढंच ऐकू आलं. भीती माणसाला अर्धंच आठवू देते. पहाटेपासून त्या शब्दावर कोण हसत होतं, कोण मुद्दाम चिडवत होतं, त्यातलं काही म्हणजे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

त्याच्या डोक्यात आलं ते एवढंच. सावद्याचा माणूस घाबरला तर सावद्याचंच बोलेल. शे म्हणणारा हा इथला आहे. टेकडीवरचा आहे.

"इकडं ये लवकर," पुढचा म्हणाला. "हात दे. मी हाये ना."

वनानं हात पुढं केला. धुक्यातून एक हात आला आणि त्यानं तो गच्च धरला. हात गार होता. पण पौषातल्या सकाळी कोणाचा हात ऊन असतो?

दोघं उतार धावत सुटले.

मागून पुन्हा हाक आली. आता त्यात हसू नव्हतं.

"वना! अरे वना, थांब! मी आठे..."

वना थांबला नाही.

"वना, मले सोडून जाऊ नको रे..."

वनानं एका हातानं कान दाबला. दुसरा हात त्या हातात होता. तोंडातली बी दातांत गच्च धरून तो उतरत राहिला. मागचा आवाज रडू लागला, मग लांब गेला. पायथ्याशी बोरी दिसल्या आणि होले ऐकू आले, तेव्हा कुठं त्यानं बाजूला पाहिलं.

गिरधर होता. तेच नाक, तोच चेहरा. गळ्यात आईनं गुंडाळलेला मफलर. थोडा दमला होता.

"वाचलो रे!" म्हणून वनानं त्याला मिठी मारली आणि ढसाढसा रडला. माय, तुझा गिरधर मी आणला, असं तो मनात म्हणत होता.

घरी भिकुबाई दारातच उभ्या होत्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला. "ये रे बेटा, ये. बठ. तुन्हामुळे मन्हा वना वाचना."

गिरधर ओसरीत आला. उंबऱ्याशी त्यानं चपला काढल्या.

वनाची नजर सहज खाली गेली.

दोन्ही चपलांचे अंगठे शाबूत होते. बांधलेली दशी कुठंच नव्हती.

धुक्यात नीट दिसलं नसेल, वना स्वतःला म्हणाला. तुटला नसेल, नुसता निसटला असेल. माणूस स्वतःची समजूत किती घालतो, तर मरेपर्यंत घालतो.

गिरधर भिकुबाईंच्या पाया पडला. वना कान टवकारून उभा राहिला. आता म्हणेल. रात्रभर घोटलंय, आता म्हणेल.

गिरधर उठला आणि पाटावर जाऊन बसला. एक शब्द बोलला नाही.

भरीत झालं, कळण्याची भाकरी झाली. तो पोटभर जेवला, हसला. भिकुबाईंनी विचारलं तेवढ्याला उत्तर दिलं. "हो, बरं हाये." भिकुबाई म्हणाल्या, कित्ती गुणी पोर शे!

हात धुताना वनानं हळूच म्हटलं, "अरे, ते वाक्य म्हण ना मायला."

गिरधरनं त्याच्याकडे पाहिलं.

"कोणतं वाक्य?"

वनाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आणि तेव्हा, त्या क्षणी, त्याला सगळं आठवलं. शेतस कोण म्हणायचं ते. तसं मुद्दाम चुकवून, हसून, कोण म्हणायचं ते. टेकडीवरचं जे काही असेल त्यानं दोघांचं बोलणं ऐकून शिकून घेतलं असेल, पण थट्टा? थट्टा त्याला कोण शिकवणार?

दुपारी वनानं तोतारामकाकाला गाठलं आणि रडत सगळं सांगितलं. काकानं ऐकून घेतलं. नुसती काठी घेतली.

दोघं तोंडात बिया धरून तिसऱ्या टेकडीवर गेले. लख्ख ऊन पडलं होतं. धुक्याचा मागमूस नव्हता. दगड होते, गवत होतं. गिरधर बसला होता तो दगडही होता. बाकी काही नाही. पाऊल नाही, दशी नाही, रक्ताचा थेंब नाही. वना गवतात गुडघ्यांवर बसून हातानं चाचपत राहिला.

शेवटी काकालाच राहवलं नाही. त्यानं बी थुंकली आणि सगळं बळ एकवटून आरोळी दिली.

"गिरधऽऽर!"

समोरच्या टेकडीवरून पडसाद आला.

स्वच्छ. मोठ्यानं. "गिरधऽऽर..."

तोतारामकाकाच्या हातातून काठी पडली. त्याचा सगळा जन्म त्या टेकड्यांखाली गेला होता. तिथून कधी, कोणाच्या बापाच्या काळी, पडसाद आला नव्हता.

आणि परत आलेला आवाज काकाचा नव्हताच.

तो गिरधरचा होता, हे वनाला कोणी सांगायची गरज नव्हती. काकानं त्याचा दंड धरला आणि त्याला ओढत खाली आणलं. वाटेत एवढंच म्हणाला, "मुक्याले तोंड दिधं भो तुम्ही. आते ते परत मांगता येत नही."

पुढचं मला जे ठाऊक आहे ते सांगून टाकतो. गिरधर पुष्कळ वर्षं जगला. लग्न झालं, मुलं झाली, बाग वाढवली. सावद्यात त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडणार नाही. लहानपणी मी त्यांना एकदा एका लग्नात पाहिलंय. माझ्या हातावर त्यांनी पेढा ठेवला होता, आणि आता ते आठवलं की मी तो हात नकळत पुसतो. नानांचं चुकलं असेल, भीतीनं भ्रम झाला असेल, असं मी दिवसा मानतो.

पण मग मला सावद्याची ती सकाळ आठवते, जी नानांनी सगळ्यात शेवटी सांगितली.

चार दिवसांनी वना गिरधरला घेऊन सावद्याला परतला. बेबाबाई ओसरीत वाट पाहत होत्या. त्यांनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, पाठ चाचपून पाहिली. वना पाहत उभा होता. आईला कळेल. आईला तरी कळेलच.

"जसा नेला तसा आणला रे वना," बेबाबाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "देव तुह्यं भलं करो."

गिरधर आत गेला. बेबाबाईंनी वनाला जवळ बसवलं. आवाज हळू केला.

"एक सांगू का? गिरधरले सांगू नको, भिईन तो. तुम्ही गेले ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दिवे लावायच्या टायमाले, मांगच्या दाराशी कोनीतरी आलतं."

"कोण?" वनानं विचारलं.

"कोन जाने. 'माय व, दार उघड. मले लय थंडी वाजू राह्यली.' असं म्हने. मी कडी घातली, वर पाटा लोटला. तरी जाईना. दार खरवडे. मेला रडत होता तोही अगदी माह्या गिरधरसारखा."

बेबाबाई आणखी जवळ सरकल्या.

"मीच म्हटलं, असल्या आवाजाले भुलू नाही. माहा गिरधर तर वनासोबत हाये. वना काय त्याले एकटं सोडीन? लय येळ रडला, मंग गेला कुठीतरी केळीत."

आतल्या दारात गिरधर येऊन उभा राहिला होता. शांतपणे दोघांकडे पाहत.

बेबाबाईंनी वनाच्या हातावर हात ठेवला.

"नाही उघडलं मी. बरं केलं ना रे?"

वनानं एकदा दाराकडे पाहिलं. एकदा त्या माउलीच्या तोंडाकडे पाहिलं.

"बरं केलं, माय," तो म्हणाला.